बोनस कधी वाटणार?

कमलाबाई गमरे भांडायला निघाल्या की आधी चष्मा पुसतात. घोडपदेवच्या त्यांच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याची वेळ न विचारता बदलली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला होता, रेशनवाल्याने मापात हात मारला तेव्हाही पुसला होता, आणि दोन्ही वेळा समोरच्याने पुढचं ऐकायच्या आधीच माघार घेतली होती. त्या मंगळवारी मात्र दादरला विमा कंपनीच्या ऑफिसात शिरताना त्यांनी चष्म्याला हात लावला नव्हता. कारण त्या भांडायला गेल्याच नव्हत्या. त्या एक तारीख विचारायला गेल्या होत्या.

काउंटरवर एक मुलगी बसली होती. दीपिका, असं छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. कमलाबाईंनी पिशवीतून पॉलिसी काढली, काचेखालून आत सरकवली आणि विचारलं, "बाय, बोनस कधी वाटणार? दिवाळीच्या आधी की नंतर?"

दीपिकाला प्रश्न कळला नाही. शेजारच्या टेबलावर बसलेल्या, टाय लावलेल्या पोराला कळला, आणि तो फिसकन हसला. हसून झाल्यावर त्याने खोकल्याचं सोंग केलं, पण तोवर कमलाबाईंनी चष्मा काढून पदराचं टोक हातात घेतलं होतं.

त्यात हसण्यासारखं काहीही नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गिरणगावात बोनस म्हणजे काय, हे त्या टायवाल्याला कुणी शिकवलं नसेल तर तो त्याचा दोष, कमलाबाईंचा नाही. त्या स्वतः एकोणिसाव्या वर्षी गिरणीत लागल्या, वायंडिंग खात्यात. त्यांचा नवरा कोंडीराम त्याच गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर. गमऱ्यांच्या घरात लक्ष्मीपूजन नसे, पण बोनस यायचा तो दिवाळीतच आणि पोरांना नवे कपडे व्हायचे तेही त्याच आठवड्यात. 'यंदा किती लागला?' एवढंच चाळीत एकमेकांना विचारत. काय लागला हे विचारायची गरज नसे. बोनस लागला म्हणजे रांगेत उभं राहायचं, अंगठा किंवा सही द्यायची आणि नोटा मोजून घ्यायच्या. या शब्दाला दुसरा अर्थ असतो, असं त्यांना एकाहत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आता पैशांचं. कमलाबाईंची बँकेत तीन लाखांची एफडी होती. कोंडीरामची गिरणीकडची देणी तो गेल्यावर मिळाली, त्यातला काही भाग हा. बाकीचा त्यांचा स्वतःचा. गिरणी सुटल्यावर लालबागच्या मसाल्याच्या दुकानांमागे बसून त्यांनी वर्षानुवर्षं मिरच्यांची देठं खुडली होती. अजूनही कांदा चिरताना बोटांची जुनी आग जागी होते असं त्या म्हणतात. त्या एफडीचं व्याज दर तीन महिन्यांनी खात्यावर पडायचं, साडेचार हजारांच्या आसपास. त्यातून त्यांच्या बीपीच्या गोळ्या यायच्या, विहाराची वर्गणी जायची, आणि नातवाला, सम्यकला, वाढदिवसाला आजीच्या पैशांनी काहीतरी मिळायचं. मुलाकडे त्या राहत होत्या, त्याच्याच ताटात जेवत होत्या, पण त्याच्यापुढे हात कधी पसरला नव्हता. चाळीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांपेक्षा आपण वेगळ्या आहोत, असं त्यांना वाटायचं ते एवढ्यावरच.

एफडीची मुदत संपली तेव्हा मुलगा राकेश म्हणाला, "आई, एफडीत आता काय दम नाय. व्याज बघ किती उतरलंय. विमा कंपन्यांचे बचतीचे प्लॅन असतात. चार ठिकाणी बघू, कम्पेअर करू, मग टाकू."

तुलना करायला कमलाबाईंची ना नव्हती. त्या कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेत नाहीत. तेव्हा एकामागून एक तीन रविवार तीन माणसं घरी आली.

पहिला दादरचा माधव. चांगल्या कंपनीचा, चांगल्या इस्त्रीचा. "काकू, आपला बोनस संचित होत जातो," असं तो पुस्तकातल्यासारखं बोलला. खुर्चीत टेकण्याआधी खुर्ची बघून घेतली, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर बघितली, आणि मग समोर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्याला शेवटपर्यंत हात लावला नाही. का, ते कमलाबाईंनी विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं काही उरलेलं नसतं. त्याचा बोनस होता हजारी अडतीस, म्हणजे विम्याच्या दर हजार रुपयांमागे वर्षाला अडतीस रुपये. तो गेल्यावर पेला मोरीत ओतला आणि त्याच्याबरोबर ते 'संचित'ही वाहून गेलं.

दुसरी केझिया. त्यांच्या बँकेतली, माझगावची ख्रिश्चन पोरगी. चहा मागून घेतला, बिस्कीट बुडवून खाल्लं आणि सरळ म्हणाली, "आंटी, आमच्या प्लॅनमध्ये बोनस नाय. जे भेटणार ते पहिल्यापासून लिहिलेलं. पण सच सांगू? तुम्हाला तीन-तीन महिन्यांनी पैसा लागतो ना? मग यातलं कायपण घेऊ नका. एफडीच परत करा. मॅनेजरला बोलू नका हां मी असं बोलली ते."

बोनसच देत नाही! कमलाबाईंनी तिला दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन सुनेला, प्रितीला, म्हणाल्या, "पोरगी गोड आहे, पण कंपनी चिंधीचोर दिसते. बोनस न देणारे मालक आम्ही खूप बघितले."

तिसरा सुशांत. याला लांबून यायचं नव्हतंच, दोन खोल्या सोडून वाढलेला. राकेशचा लंगोटीयार. त्याचा बाप भिवा आणि कोंडीराम एकाच पाळीला जायचे. सुशांतने कमलाबाईंच्या पायांना हात लावला, खाली चटईवरच बसला आणि म्हणाला, "मावशी, आपल्याकडे बोनस लागतो. हजारी बावन्न."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. आणि एकदा लागला की कंपनीचा बाप पण तो परत घेऊ शकत नाय."

बाकी प्लॅन साधा होता. तीन लाख एकदाच भरायचे, विमा पावणेचार लाखांचा, मुदत पंधरा वर्षं. कमलाबाईंचं वय बसत नव्हतं म्हणून पॉलिसी राकेशच्या नावावर. त्यांनी बोटांवर हिशेब केला. वर्षाला साडेएकोणीस हजार बोनस, म्हणजे एफडीपेक्षा वर काहीतरी, आणि शेवटी पावणेचार लाख आहेतच. अडतीस, शून्य आणि बावन्न. यात विचार करण्यासारखं काय होतं? त्यांनी चेकवर सही केली. राकेश शेजारीच बसला होता, मोबाइल चाळत.

तर अशा रीतीने त्या सुशांतच्या कंपनीच्या दादरच्या काउंटरपुढे उभ्या होत्या आणि दीपिका त्यांना समजावत होती. मुलगी भली होती. आवाज खाली आणून बोलत होती. "आजी, हा बोनस असा हातात नाही मिळत. दरवर्षी पॉलिसीत जमा होतो. सगळा शेवटी मिळतो, विम्याच्या रकमेसोबत. दोन हजार चाळीसला."

"चाळीसला मी शहाऐंशीची होईन."

दीपिकाने पॉलिसीचं पान उलटलं.

"आणि तेव्हा कुणाला मिळणार?"

"पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांना. राकेश कोंडीराम गमरे."

कमलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे पंधरा वर्षं मला एक दमडी नाही? मग बोनस कशाला म्हणता त्याला? दुसरा शब्द मेला होता काय? गरिबाला कळणारा एक शब्द घ्यायचा आणि त्याच्या पोटात भलतंच भरायचं! आम्हाला असं कुणी सांगितलं नाही."

"आजी, आम्ही पॉलिसी द्यायच्या आधी फोन करतो. मराठीतून विचारतो. बोनस मुदत संपल्यावर मिळेल, मध्ये मिळणार नाही, हे समजलं का, असं स्पष्ट विचारतो. रेकॉर्ड होतं ते." तिने संगणकात पाहिलं. "राकेशजी 'हो, समजलं' म्हणालेत."

"त्याला कळलं नसेल," कमलाबाई ताडकन म्हणाल्या. "कामावर असतो तो. गडबडीत हो म्हणाला असेल."

"असेल," दीपिका म्हणाली, आणि एक छापील अर्ज काढून दिला. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, थोडाफार खर्च कापून पैसे मिळतात. अजून आठ दिवस शिल्लक होते. "फक्त सही त्यांची लागेल. तुमची नाही चालणार."

माझे पैसे, आणि सही माझी चालत नाही. बसमध्ये बसून कमलाबाई हेच पुटपुटत होत्या. शेजारची बाई जरा सरकून बसली.

सुशांत नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसतो. कमलाबाई तिथे पोचल्या तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी ती असू दिली. उलट बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

"भिवाचा पोरगा ना रे तू? तुझ्या बापाने बोनसासाठी गेटवर लाठ्या खाल्ल्या. त्या दिवशी मी होते तिथे. त्याच्या डोक्याला माझ्या पदराची पट्टी बांधली होती. आणि तुला बोनस म्हणजे काय ते माहीत नव्हतं?"

"मावशी, आत या, बसा, पाणी..."

"पाणी तुझ्या कंपनीला पाज! लागतो म्हणालास. लागतो! कुठे लागला? कुणाला लागला?"

"मावशी, मी खोटं एक अक्षर बोललो नाय. लागतोच. तिकडे जमा होतो."

"तिकडे म्हणजे कुठे ते तेव्हा का नाही सांगितलंस? चटईवर बसून पाया पडलास माझ्या. पाया पडून खिसा कापायचं कुठे शिकवतात?"

गिऱ्हाइकं हसायला लागली होती. चाळीतली चार पोरं थांबली होती. सुशांतचे कान लाल झाले आणि शेवटी तोही चिडला.

"ओरडू नका हां मावशी. मी सगळं सांगितलं होतं. तुमच्या राकेशला बसवून सांगितलेलं, पैसे मध्ये सुटणार नाय, शेवटी तुझ्या हातात येणार. मी बोललो पण, मावशीला एकदा समजावू का? तर तोच बोलला, नको. तिला बोनस म्हणजे बोनसच वाटू दे."

कमलाबाई पुढचं वाक्य तोंडात घेऊन उभ्या होत्या. ते तसंच राहिलं. दुकानातलं मशीन कुणाचं तरी आधार कार्ड बाहेर काढत होतं. त्यांनी एकदा सुशांतकडे पाहिलं, हा आपला राग चुकवायला खोटं बोलतोय का म्हणून. तो खोटं बोलत नव्हता. तोंडातून गेलं याचं त्यालाच वाईट वाटलेलं दिसत होतं. त्या वळल्या आणि चाळीचा जिना चढल्या.

संध्याकाळी राकेश परळहून लॅबमधली नोकरी करून आला तेव्हा त्या पलंगावर ताठ बसल्या होत्या. अर्ज आणि पेन समोरच्या टीपॉयवर. प्रिती पोळ्या लाटत होती. सम्यक क्लासला गेला होता.

"कंपनीचा फोन आला होता तुला?"

"कसला फोन?" राकेश बूट काढत होता.

"बोनस शेवटी मिळणार, मध्ये नाही, कळलं का, असं विचारणारा."

"येतात गं असे दहा फोन. हो हो करतो माणूस."

"कळलं होतं की नव्हतं, तेवढं सांग."

राकेशने दुसरा बूट काढायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावला. मग म्हणाला, "कळलं होतं. मग? पैसे काय पळाले? माझ्या नावावर म्हणजे घरातच आहेत ना? पंधरा वर्षांनी दुपटीच्या वर होतील. सम्यकच्या कामाला येतील. तू त्या व्याजाचं काय करतेस सांग. इकडे वर्गणी दे, तिकडे कुणाला दे. नुसते गळून जातात पैसे."

"माझे आहेत. गळू देत."

"तुझे-माझे काय करतेस? तुला इथे काय कमी आहे? लागलं तर माग ना. मी नाही म्हणतो का?"

माग ना. कमलाबाईंनी चष्मा काढला, आणि न पुसताच परत घातला. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं.

राकेशला वाटलं, म्हातारी निवळली. त्याने बॅगेतून एक पाकीट काढलं. लॅबने त्याच दिवशी दिवाळीचे पैसे दिले होते. त्यातून पाचशेच्या दहा नोटा मोजल्या, हसत आईपुढे धरल्या आणि म्हणाला, "हे घे. हा तुझा बोनस. दरवर्षी मी देईन, बस? कंपनी गेली उडत."

"मालक झालास होय रे?"

आवाज मोठा नव्हता. तरी प्रितीचं लाटणं थांबलं.

"माझेच तीन लाख माझ्या हातून काढून घेतलेस आणि आता त्यातले पाच हजार मला बक्षीस देतोस? तुझा बाप गेटवर उभा राहून ओरडायचा, बोनस म्हणजे भीक नाही, आमच्याच पगारातला मागे ठेवलेला पैसा आहे. तो घेताना आम्ही कधी मान खाली घातली नाही. आज तू मला मागायला शिकवतोस. मालकाने पण फसवलं आम्हाला. गिरणी बुडाली सांगून फसवलं, देणी देतो सांगून फसवलं. पण तो माझ्या पोटचा नव्हता रे. तो फसवणार, हे धरूनच चाललो होतो आम्ही."

"आई, एवढं काय..."

"तुला ठाऊक होतं मी बोनस म्हणते तेव्हा काय म्हणते. त्या सुशांतला नसेल, त्या टायवाल्याला नसेल. तुला होतं. तू त्या बोनसाचे कपडे घातलेस, भाड्या. सही कर."

राकेश प्रितीकडे वळला, जणू तिने आता सासूला आवरावं. प्रिती पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. तीन रविवार ती गप्प राहून चहा करत होती.

"सही करा," ती म्हणाली. "मग ताट वाढते."

"तू पण?"

"माझ्या पगारातले दर महिन्याला घेता, कुठेतरी टाकलेत म्हणता. ते कुणाच्या नावावर टाकलेत, तेही उद्या बघायचंय मला. आज आईंचं होऊ दे."

राकेशने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग पेन उचललं आणि इतक्या जोरात सही केली की कागद खाली फाटला. कमलाबाईंनी अर्ज उजेडात धरून फाटलेली जागा पाहिली, सहीवर नाही ना याची खात्री केली आणि घडी घालून पिशवीत ठेवला. पाच हजारांना त्यांनी हात लावला नाही. राकेशने ते टीव्हीपुढे टाकले, तिथेच पडून राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यानेच उचलले. त्या दिवसांत मायलेकांचं बोलणं म्हणजे 'दार लाव' आणि 'लावलंय', एवढंच होतं.

अर्ज मुदतीत पोचला. थोडे कापून पैसे राकेशच्या खात्यावर आले, आणि हे सांगायलाच हवं की त्याने ते त्याच संध्याकाळी आईच्या खात्यावर वळते केले. बोलला नाही, पण केले. दिवाळी होऊन गेली होती.

कमलाबाई बँकेत गेल्या आणि केझियाच्या टेबलापुढे बसल्या. "पोरी, तुझ्या कंपनीचा बोनस शून्य होता म्हणून तुला वाटेला लावलं मी. आता परत एफडी कर. तीन-तीन महिन्यांनी व्याज. सही माझी चालेल ना इथे?"

"तुमचीच चालते आंटी, दुसऱ्या कुणाची नाय," केझिया हसून म्हणाली. कुठे काय झालं ते तिने विचारलं नाही. भराभर फॉर्म भरला, रक्कम घातली, नाव घातलं, आणि मग पेन एका रकान्यावर थांबवलं. "नॉमिनी? तुमच्यानंतर पैसे कुणाला? आधीच्या एफडीत राकेश लिहिलेला आहे. तोच ठेवू की बदलू?"

कमलाबाईंनी चष्मा काढला. पदराने एक काच पुसली, मग दुसरी. केझियाला घोडपदेवची रीत ठाऊक नव्हती, ती नुसती वाट बघत राहिली. काचा कधीच स्वच्छ झाल्या होत्या तरी त्या पुसतच होत्या.

"आधीपण तोच होता?" त्यांनी विचारलं.

"हो आंटी. पहिल्यापासून."

"मग त्याचेच होते की गं सगळे," कमलाबाई म्हणाल्या. "मी मरेपर्यंत थांबायचं होतं फक्त. एवढं पण थांबवलं नाही त्याला?"

केझियाने पेन खाली ठेवलं. मागे रांगेतला माणूस घड्याळ बघत होता. कमलाबाईंनी चष्मा घातला, खुर्ची पुढे ओढली आणि फॉर्मवर बोट ठेवलं.

"लिही. राकेशच लिही," त्या म्हणाल्या. "आणि मला अजून खूप जगायचंय, ते पण कुठे लिहिता येत असेल तर लिही."